घरी प्रिंटर घ्यावा की कोपऱ्यावरच्या दुकानात जावं?

इंदूरला सुदामानगरात आमच्या घरापासून झेरॉक्सचं दुकान चालत चार मिनिटांवर आहे. साधी झेरॉक्स दोन रुपये, मोबाइलवरून पाठवलेलं पान पाच रुपये, रंगीत दहा. भंवरकुआकडे कोचिंगच्या गल्ल्यांत याहून स्वस्त मिळतं आणि रात्री उशिरापर्यंत मिळतं. अशा शहरात घरी प्रिंटर ठेवण्यात अर्थ आहे का, असं गेल्या दोन वर्षांत मला चौघांनी तरी विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं उरकून टाकू, कारण तिथे वाद नाही. आमची गरज महिन्याला तीसेक पानांची, म्हणजे वर्षाला ३६०. दुकानात त्याचे १८०० रुपये होतात. घरी कागद आणि टोनर (शाईऐवजी वापरायची पावडर) धरून मला एक पान साधारण अडीच रुपयांना पडतं, म्हणजे वर्षाचे ९००. वाचले ९००. प्रिंटर घेतला १३,५०० रुपयांना. तो वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील, आणि तेवढी वर्षं तो चालेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. शिवाय पानांची गरज दरवर्षी कमीच होते आहे. रेल्वेचं तिकीट फोनवर चालतं, इन्कमटॅक्सचं रिटर्न आधार ओटीपीनं पडताळून होतं, पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०१४ पासून ऑनलाइन देता येतो. तेव्हा पैसे वाचतील म्हणून कुणी प्रिंटर घेत असेल तर त्यानं घेऊ नये. घरी क्लास चालवणारे किंवा वकिली करणारे यांचं गणित निराळं. त्यांना हा प्रश्न पडतही नाही.

दुकानाची बाजू तशी भक्कम आहे. तिथे देखभाल आपल्या डोक्यावर नाही. आधारच्या दोन्ही बाजू एका पानावर नीट बसवणं, फोटो कापून लावणं, लॅमिनेशन, स्पायरल, ही कामं तो मुलगा डोळे मिटून करतो. मला घरी त्याला वीस मिनिटं लागतील. मी स्वतः सहा-सात वर्षं दुकानावरच भागवलं आणि तक्रार नव्हती.

दोन वर्षांपूर्वी जुलैत आईला बँकेत केवायसीसाठी आधारची प्रत द्यायची होती. आम्ही दोघं दुकानात गेलो. तो म्हणाला, "भिया, इसी नंबर पे डाल दो." मी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवली. त्यानं कॉम्प्युटरवर उघडली, तर पासवर्ड मागायला लागली. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे जन्मसाल. मशीन चालू होतं, त्या आवाजात त्याला ऐकू जाईना. "माताजी, जरा जोर से." आईनं चार अक्षरं आणि साल मोठ्यानं सांगितलं. मागे तीन मुलं आपापल्या नंबरची वाट बघत उभी होती.

पहिलं पान तिरकं निघालं. त्यानं ते बाजूच्या खोक्यात टाकलं आणि दुसरं काढलं. आमच्या आणखी चार-पाच प्रती होत्या, म्हणून हिशेब मांडायला त्यानं त्याच खोक्यातून एक जुना कागद ओढला, उलटा केला, बेरीज लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तो सहज पलटून पाहिला. कुणाचं तरी बँक स्टेटमेंट होतं. वर नाव, पत्ता, खातं नंबर, आणि मधे महिन्याचा पगार जमा झाल्याची ओळ.

आईचं तिरकं पान मी मागून घेतलं. त्यानं लगेच दिलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आजही म्हणतो. दिवसभर उभं राहून शेकडो लोकांची पानं काढणारा माणूस कुणाचा कागद कुठे गेला हे किती बघणार? पण घरी येताना आईनं विचारलं, "माझं ते पान घेतलंस ना रे?" म्हणजे तिनंही पाहिलं होतं. त्या दिवसापासून हे खुपायला लागलं ते खुपायलाच लागलं.

त्यानंतर मी दुकानातच काळजी घेऊन पाहिली. पाठवलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्यांसाठी डिलीट करायचो. पण त्याच्या कॉम्प्युटरवर एकदा उतरलेली फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. पेनड्राइव्ह नेला, तर घरी येताना त्यात व्हायरस आला. पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार काढून बघितलं. ती सोय खरोखर चांगली आहे आणि जिथे चालते तिथे जरूर वापरावी. पण आमच्या अनुभवात निम्म्या काउंटरांवर "पूरा नंबर वाला लाओ" असं ऐकावं लागलं. २०२२ च्या मे महिन्यात आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयानं आधारची प्रत वाटेल तिथे देऊ नका, सायबर कॅफेसारख्या ठिकाणी ई-आधार उतरवलंत तर मागे ठेवू नका, अशी सूचना काढली होती. लोकांचा गैरसमज होईल म्हणून ती दोन दिवसांत मागे घेतली गेली. मला विचाराल तर त्यातला कॉम्प्युटरचा सल्ला तेव्हाही बरोबर होता आणि आजही आहे. पण ज्याच्याकडे प्रिंटर नाही त्यानं तो पाळायचा कसा?

तुम्हाला ही गोष्ट एवढी टोचत नसेल, तर दुकानच बरं, अगदी प्रामाणिकपणे सांगतो. टोचत असेल तर पुढचं वाचा, कारण कोणता प्रिंटर घ्यायचा हे चुकलं की घरचा प्रिंटरही डोक्याला ताप होतो. तो ताप मी आधी एकदा भोगलेला आहे.

माझा पहिला प्रिंटर कार्ट्रिजवाला इंकजेट होता, म्हणजे शाईच्या डबीवर चालणारा, चार हजारांतला. मे महिन्यात तीन आठवडे पुण्याला बहिणीकडे राहून आलो आणि पान काढलं, तर ओळींवर पांढरे पट्टे. इंदूरचा मे म्हणजे चाळिशीच्या वरचा पारा आणि कोरडा वारा. इंकजेटची शाई पाणी मिसळलेली असते आणि ती केसाहून बारीक छिद्रांतून पडते. वापर थांबला की त्या छिद्रांशी शाई सुकते. मग हेड क्लीनिंग करायचं. म्हणजे प्रिंटर आतून शाई ओढून छिद्रं धुतो आणि ती शाई खालच्या स्पंजमध्ये वाया जाते. मी तीनदा क्लीनिंग केलं. पट्टे जेमतेम गेले, तोवर काळी कार्ट्रिज रिकामी. जेवढी पानं काढली नसतील तेवढी शाई धुण्यात गेली.

इंक टँकवाल्यांत, म्हणजे बाटलीतून शाई भरायच्या इंकजेटमध्ये, शाई खूप स्वस्त झाली, बाटलीत हजारो पानं निघतात, हे खरंच. माझ्या मेहुण्याकडे तो आहे आणि तो खूश आहे. पण त्याची दोन मुलं शाळेत आहेत, दर आठवड्याला प्रोजेक्टची रंगीत चित्रं निघतात, प्रिंटर झोपतच नाही. अशा घराला मीही इंक टँकच सांगेन. छिद्रं मात्र त्यातही तीच. घराला कुलूप लावून कुठे जायचं तर आधी एक रंगीत पान काढून ठेवा, एवढंच.

आमच्यासारख्या घरात प्रिंटर महिन्यातले पंचवीस दिवस नुसता बसलेला असतो. त्याला बसून राहणं सोसलं पाहिजे. म्हणून मी ब्लॅक अँड व्हाइट लेझर घेतला. टोनर ही कोरडी पावडर असते, तिच्यात सुकण्यासारखं काही नाही. आतल्या ड्रमवर, म्हणजे फिरत्या रुळावर, स्थिर विजेनं अक्षरं उमटतात, पावडर चिकटते, मग ती उष्णतेनं कागदावर वितळते. दुकानातलं झेरॉक्स मशीन याच तत्त्वावर चालतं. हे तंत्र चेस्टर कार्लसननं १९३८ मध्ये पहिल्यांदा जमवलं. गेल्या मेमध्ये आम्ही पुन्हा महिनाभर बाहेर होतो. परत आल्यावर रात्री साडेदहाला भाचीचं परीक्षेचं प्रवेशपत्र काढलं, सकाळी तिचा पेपर होता. पहिलंच पान स्वच्छ निघालं.

त्याच्या खोडीही सांगतो. वायफायवर मधूनमधून "ऑफलाइन" दाखवतो, म्हणून मी केबल कायम लावून ठेवली आहे. सुरू होताना तो एकदम खूप वीज ओढतो, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर लावू नये. लाइट गेली की थांबायचं. पावसाळ्यात कागद दमट झाला की अडकतो, म्हणून उघडलेलं रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतो. आणि सोबत आलेलं टोनर कमी भरलेलं असतं, तेव्हा ते लवकर संपलं तर घाबरू नका.

घ्यायला आर.एन.टी. मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये गेलात तर एका मिनिटात किती पानं निघतात हे विचारण्यात वेळ घालवू नका. टोनर आणि ड्रम एकत्र आहेत की वेगळे, आणि नवं टोनर केवढ्याला, हे आधी विचारा. स्वस्त प्रिंटरचं टोनर कधीकधी प्रिंटरच्या निम्म्या किमतीचं असतं. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा मिळत असेल तर हजार-दीड हजार जास्त द्या. स्कॅनरवाला मी घेतला नाही, फोनवर स्कॅन चांगलं होतं.

एक फायदा मी हिशेबात धरलाच नव्हता. आईच्या भजनी मंडळात चौदा जणी आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढच्या. आता मी त्यांना अथर्वशीर्ष आणि पदं मोठ्या अक्षरांत काढून देतो. पूर्वी दुकानात फाइल उघडली की फॉन्ट बदलायचा, ओळी तुटायच्या आणि जोडाक्षरं फुटायची. घरी एक पान काढायचं, आई चष्मा लावून वाचते, "अजून थोडं मोठं कर" म्हणते, की पुन्हा काढायचं. दुकानात रांग लावून हे कुणी केलं नसतं.

रंगीत काही लागलं की मी अजूनही त्याच दुकानात जातो. गेल्या वर्षी मंडळाच्या पुस्तिकेसाठी गणपतीचं चित्र चौदा प्रतींत काढलं, स्पायरलही तिथेच केलं. त्यानं नेहमीसारखं म्हटलं, "इसी नंबर पे डाल दो," आणि मी बिनधास्त पाठवलं.