आल्फ गार्नेट की आर्ची बंकर?

दोघेही टीव्हीवरच्या विनोदी मालिकांचे नायक; आर्ची हा आल्फचाच अमेरिकी अवतार. बीबीसीवरचा आल्फ (१९६६–७५) लंडनच्या ईस्ट एंडचा. अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरचा आर्ची (१९७१–७९) न्यूयॉर्कच्या क्वीन्सचा. दोघेही कष्टकरी, वर्णद्वेषी, जावयाशी सतत भांडणारे.

आल्फ कधी वितळत नाही. ज्यूंना शिव्या घालणारं हे पात्र वॉरन मिचेल या ज्यू नटाने साकारलं. आल्फचा लेखक जॉनी स्पाइट याच्या लेखनातला राग अस्सल आहे, पण गोची तिथेच: टोमणा न कळलेले प्रेक्षक आल्फलाच आपला माणूस मानू लागले. ती अडचण आर्चीलाही चुकली नाही. १९७४ च्या एका अभ्यासात पूर्वग्रह असलेले प्रेक्षक त्याचीच बाजू घेताना दिसले.

तरी माझं मत आर्चीला. १९७८ च्या एका भागात तो जावयासोबत बारच्या कोठीत अडकतो. प्यायल्यावर सांगतो, लहानपणी एका पायात ‘शू’ म्हणजे साधा जोडा, दुसऱ्यात ‘बूट’. पोरं ‘शूबूटी’ म्हणून चिडवायची. मारणाऱ्या बापाबद्दलही तो प्रेमानेच बोलतो. द्वेष कुठून झिरपला ते दिसतं, पण त्याला माफी मिळत नाही. आर्ची साकारणाऱ्या कॅरल ओ’कॉनरचा आवाज तिथे किती हळवा होतो! शिवाय त्याची बायको ईडिथ आहे: तिच्या साध्या चांगुलपणासमोर आर्चीची बडबड आपोआप उघडी पडते. मालिकेतली त्याची खुर्ची आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.