कुडाळच्या स्टुडिओचं नवं रूप: आधी भिंती आणि वायरिंग, मग माइक

कुडाळात आम्ही भजनवाले गणपतीच्या आधी दरवर्षी ज्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला जातो तो यंदा आतून पूर्ण उखडून नव्याने केलाय. तासाचा रेट जवळपास दीडपट झालाय आणि तेव्हापासून ओळखीचे बुवा, मंडळवाले सगळे एकच विचारतायत की एवढे पैसे देण्यात अर्थ आहे का, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अर्थ आहे. मी पखवाज वाजवतो त्यामुळे माझं बरंचसं ऐकणं त्याच अंगाने झालंय हे आधीच सांगून ठेवतो, पण बुवा, पेटीवाला, कोरस सगळ्यांना फरक कळला.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे मालकदादांनी पैसे कुठल्या क्रमाने घातले. स्टुडिओ नवा केला म्हटलं की लोक पहिल्यांदा माइकचा फोटो टाकतात. इथे आधी खोली, मग लाइट आणि अर्थिंग, मग दमटपणा, आणि उरलेल्या पैशात सामान. कोकणात हाच क्रम बरोबर आहे असं माझं ठाम मत आहे, कारण इथली हवा आणि इथला पाऊस लाखभराचा माइकसुद्धा वाया घालवू शकतो.

आधीची खोली दहा बाय दहा आणि उंचीही तेवढीच. भिंतीला अंड्यांचे ट्रे, त्यावर पातळ फोम. आता गंमत अशी की लांबी रुंदी उंची सारखी असली की तिन्ही दिशांचा घुमारा एकाच ठिकाणी जाऊन बसतो, दहा फुटांना तो साधारण 56 हर्ट्झला पडतो आणि मग त्याच्या दुप्पटीला, आणि पखवाजाच्या डाव्या पुडीची धूम त्याच पट्ट्यात फिरते. त्यामुळे काही बोल उगाच फुगायचे आणि काही गायबच व्हायचे, पुडीला कणीक कितीही नीट लावा. ट्रे आणि फोम तिथे काहीच करत नाहीत. 100 हर्ट्झच्या आवाजाची लहर जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिला दोन इंचाचा फोम काय अडवणार. फोम फक्त वरचा आवाज खातो, म्हणजे झांजेची आणि पेटीची चमक जाते आणि खालचा गुमगुमाट तसाच राहतो. मुंबईच्या एका सप्लायरने दादांना या वेळीही सगळ्या भिंतींना फोमच लावायचं कोटेशन दिलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही हे फार बरं झालं.

आता मधलं पार्टिशन पाडून खोली लांब केलीय, तिन्ही मापं वेगळी. चारही कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत रॉकवूल (दगडाच्या तंतूंचा कापूस) भरलेले जाड बेस ट्रॅप, म्हणजे खालचा घुमारा शोषणारे खांब, भिंतींवर कापड लावलेले पॅनल, आणि एका भिंतीला मुद्दाम लाकडी पट्ट्या ठेवल्यात म्हणजे आवाज थोडा परत येतो. ही लाकडी भिंत फार महत्त्वाची आहे हो. सगळीकडून आवाज शोषणाऱ्या खोलीत भजन गाणाऱ्याला सूर लागल्यासारखा वाटत नाही, आमचे बुवा आधी अशा एका खोलीत गाऊन आले होते आणि घसा ओढून ओढून दमले होते. इथे त्यांनी पहिल्याच आलापाला मान डोलावली.

घर जुनं, जांभ्याच्या चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. चिरा जड असतो त्यामुळे भिंतीतून आवाज कमी जातो हे खरं, पण तो भोकाभोकाचा असतो आणि सांध्यात फटी राहतात, म्हणून आतून बाहेरून गिलावा केलाय. खरा प्रश्न छताचा होता. जून-जुलैत गणपतीची गाणी करायची आणि कौलांवर सर आली की टेक थांबवून चहा प्यायचा हे आम्ही वर्षानुवर्षं केलंय. आता कौलांच्या खाली वेगळं छत आहे, जिप्समचे दोन थर, वर रॉकवूल, आणि सगळं रबराच्या हँगरवर लटकवलेलं म्हणजे वाशांना थेट कुठेच टेकत नाही. जिप्समही हिरवं घेतलंय, ओलावा सोसणारं, साधं पांढरं इथे दोन पावसाळ्यांत फुगतं. दरवाजे दोन, मध्ये मोकळी जागा, दोन्हींना सगळीकडून रबर.

आमची गौळण चालू असताना बाहेर धो धो सर आली. आम्हाला आत कळलीसुद्धा नाही, कंट्रोल रूमच्या खिडकीतून पाणी वाहताना दिसलं म्हणून समजलं. टेक संपल्यावर इंजिनियरने बुवांचा एकट्याचा ट्रॅक लावला, फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, पार वर नेला आणि म्हणाला, "बुवांनू, पाऊस खंय आसा ता सांगा बगूया." दोन ओळींच्या मधल्या शांत जागेत कान लावून ऐकलं तेव्हा कुठे खालून बारीकशी धडधड होती, ती एका फिल्टरने गेली. बुवांचा श्वास मात्र स्वच्छ ऐकू येत होता, आणि धाकट्या कोरसवाल्याने पान उलटलं तेही.

लाइटचं काम दिसत नाही पण खर्च त्यातही भरपूर झालाय म्हणाले. आधी स्पीकरमधून सतत हूं यायचा, तो 50 हर्ट्झचा, मेन लाइनचा, आणि त्याच्या पटीत 100, 150. एसी, पंप आणि स्टुडिओ एकाच लाइनवर, अर्थिंग जुनं. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडते आणि मग अर्थिंग नीट लागत नाही. आता नवीन खड्डे घेऊन अर्थिंग केलंय, ऑडिओच्या सगळ्या सामानाचं अर्थ एकाच पट्टीवर आणलंय, स्टुडिओची लाइन मीटरपासून वेगळी, आणि ऑनलाइन यूपीएस. ऑनलाइन म्हणजे लाइट गेल्यावर टक करून बदलणारा नाही, तो कायमच स्वतःची वीज देत असतो, त्यामुळे आमच्या गजराच्या वेळी लाइट गेली तरी रेकॉर्डिंगला धक्का लागला नाही. ज्याने पावसाळ्यात चांगला जमलेला गजर घालवलाय त्याला याची किंमत कळेल.

आणि दमटपणा. या विषयावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. कंडेन्सर माइकच्या आत सोन्याचा मुलामा दिलेला काही मायक्रॉन जाडीचा पडदा असतो, त्यावर ओल धरली की आवाजात चटचट, फटफट सुरू होतं आणि लोकांना वाटतं केबल खराब झाली. एसी असतो पण तो रात्री बंद, आणि सकाळपर्यंत खोली पुन्हा ओलीगच्च. इथे डीह्युमिडिफायर रात्रभर चालतो, भिंतीवर ओलाव्याचं मीटर आहे, मी बघितलं तेव्हा 54 टक्के होतं आणि बाहेर छत्री वाळत नव्हती. माइक काम झालं की हवाबंद डब्यात, आत सिलिका जेल, रंग बदलला की पुड्या गरम करून परत. कनेक्टर सोन्याचा मुलामा असलेले, लाकूडकाम मरीन प्लायचं. आमच्या पेटीवाल्याला हे सगळ्यात आवडलं, कारण दमट खोलीत पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात आणि तो दर तासाला भाता उघडून बसायचा.

सामानाबद्दल थोडक्यात. इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, आठ माइक प्रीचा (आठ माइक थेट लागतात), फोकसराइटचा 18आय20. ऐकायला यामाहाचे एचएस8 स्पीकर, टेबलावर नाही तर जड स्टँडवर, आणि बसवताना मेजरमेंट माइक लावून आरईडब्ल्यू या फुकटच्या सॉफ्टवेअरने खोली मोजून जागा ठरवलीय, तो ग्राफ कंट्रोल रूममध्ये चिकटवलाय, कोणीही बघू शकतो. हे मला खूप प्रामाणिक वाटलं. माइकमध्ये नवीन कंडेन्सरची एक जोडी, बाकी जुनेच शुअरचे एसएम57. काही जण नाक मुरडतात की नॉयमनचा यू87 हा नावाजलेला महागडा माइक नाही. अरे तो चांगला आहेच, 1967 पासून जग वापरतंय, पण त्याच्या पैशात इथलं सगळं छत झालं असेल. आणि 1965 पासून बाजारात असलेला एसएम57 माझ्या पखवाजाच्या शाईच्या, म्हणजे उजव्या बाजूला लावला होता, मला काही कमी वाटलं नाही. डाव्या पुडीचा माइक इंजिनियरने वीतभर मागे घेतला, थोडा खाली वळवला, परत वाजवायला लावलं, परत सरकवला. धूम बसेपर्यंत त्याने कॉम्प्युटरला हात लावला नाही. असा माणूस मिळणं मोठी गोष्ट आहे.

आता जे पटलं नाही ते. टेकच्या वेळी एसी बंद करावा लागतो आणि हवा येण्याजाण्याचा जो डक्ट केलाय तो लहान पडतो, सहा जण कोरस आणि झांज म्हटल्यावर दोन टेकमध्ये घामाने निथळायला होतं. याला दुसरा डक्ट काढायलाच हवा, एवढा खर्च केला तिथे हा राहायला नको होता. दुसरं, हेडफोनमध्ये वेगळं मिक्स फक्त दोघांना मिळतं, बुवा आणि एक जण. कोरसला सगळ्यांना एकच, मग कोणाला पेटी हवी कोणाला पखवाज, त्यात वेळ जातो आणि तास आपला चालू असतो. पायऱ्याही उंच आहेत, पखवाज, तबला, पेटी घेऊन पावसात चढताना जपून. गाडी रस्त्यावरच लावावी लागते.

मिक्समध्ये एको किती हवा हे आधीच बोलून घ्या. इंजिनियर कमी ठेवतो, आपल्या लोकांना जास्त लागतो. मला त्याचा कमीच बरोबर वाटला कारण आता खोलीच बोलते, पण मंडळाचं गाणं आहे, मंडळाने ठरवावं. सुटे ट्रॅक 24 बिट 48 किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये मागितले की देतात, वेगळे पैसे घेत नाहीत, पेन ड्राइव्ह मोठा न्या. आणि गणपतीसाठी करायचं असेल तर मे महिन्यातच तारीख घ्या, आषाढात विचारायला गेलात तर रात्रीचीच वेळ शिल्लक असते.