एसी बसवला गॅरेजमध्ये, फटका बसला ४४,८४० चा

आधीच सांगून टाकतो, मी अडाणी नाही. ३१ वर्षं गणित शिकवतोय, आमच्या इंदूरच्या सुदामानगरातली निम्मी पोरं माझ्याकडून शेकडेवारी शिकून गेली आहेत. म्हणूनच हे लिहायला तीन आठवडे लागले. बायको म्हणाली लिहू नका, शिकवणीची मुलं वाचतील. वाचू देत.

झालं असं की मुलगा पुण्याला गेला, गाडी घेऊन गेला, खाली गॅरेज रिकामं. १८ बाय १० चं, शटर पश्चिमेला. वर हॉलमध्ये शिकवणी घेतली की आईची टीव्हीवरून चिडचिड, म्हणून ठरवलं की दहावी-बारावीची बॅच खाली न्यायची. पण पश्चिमेचं शटर म्हणजे दुपारी तीननंतर तवा, हात लावून दाखवा. गेल्या मे महिन्यात एक दिवस प्रयोग केला होता, पोरं ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसली होती आणि मी खडू धरला तर तो घामाने भिजला. तेव्हा एसी पाहिजेच, हे काही चैन म्हणून नव्हतं.

नवरात्रात मोबाइलवर जाहिरात दिसली. दीड टन, फाइव्ह स्टार, इन्व्हर्टर स्प्लिट, शोरूमचा डिस्प्ले पीस, फक्त खोका फाटलेला, २७,५००, फिटिंग फ्री. आता तुम्ही म्हणाल असल्या जाहिराती कोण बघतं. मी पण तेच म्हणायचो. पण बघा, त्यांनी १२ हजार लिहिलं असतं तर मी हसून पुढे गेलो असतो. दुकानात तोच मॉडेल ३८,९९० ला होता, म्हणजे साडेअकरा हजारांचाच फरक, सीझन संपलेला, खोका फाटलेला, पटण्यासारखं होतं. फार स्वस्त नसलेल्या फसवणुकीपासून जास्त सांभाळा, एवढं डोक्यात ठेवा.

३,००० बुकिंग यूपीआयने. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी बाईंचं होतं. विचारलं तर म्हणे "मैडम का अकाउंट है सर, फर्म उन्हीं के नाम पे है." मी हो म्हटलं. इथे थांबायला हवं होतं, पण हे काहीच नाही, पुढचं ऐका.

२ ऑक्टोबर, दसरा. मुहूर्तावर माल हवा म्हणून मीच आग्रह धरलेला. लोडिंग रिक्षातून दोन पोरं आली, एक पंचविशीचा, स्वतःला इंजिनियर म्हणवणारा, दुसरा नुसता ड्रिल धरणारा. बायकोने त्यांना शिरा दिला, चहा दिला, आपट्याची पानं पण दिली हो. मी बिलाचं विचारलं. तो म्हणाला, "भिया, पक्का बिल लोगे तो २८ परसेंट ऊपर से लगेगा, ७,७०० रुपये. कच्चे में आपके ७,७०० बचा रहा हूँ."

२७,५०० चे २८ टक्के बरोबर ७,७०० होतात. मी मनातल्या मनात पडताळून पाहिलं, उत्तर बरोबर आलं आणि मी खूश झालो.

आता ऐका. २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला होता. पेपरात, टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आणि मी, मी स्वतः, त्याच आठवड्यात वर हॉलमध्ये फळ्यावर गणित घातलं होतं: एका एसीची करपूर्व किंमत ३०,०००, जुन्या दराने किती, नव्या दराने किती, फरक सांगा. जुन्याने ३८,४००, नव्याने ३५,४००, फरक ३,०००. दोन पोरांचं चुकलं म्हणून मी त्यांना "पेपर वाचत जा" असं ऐकवलं होतं. आणि दहा दिवसांत माझ्याच गॅरेजमध्ये एक पोरगा माझ्या तोंडावर २८ म्हणतो आणि मी मान डोलावतो! १८ ने ४,९५० झाले असते. पण आकड्याचा नाही हो प्रश्न, ज्याला आपल्या मालावरचा कर माहीत नाही तो त्या मालाचा व्यापारी नाही, हे मला कळायला हवं होतं. रात्री झोप लागत नाही तेव्हा हाच आकडा दिसतो, २८.

आणि हो, कर वाचवायला गेलो हे मान्य. ७,७०० कुणाला नको असतात? तुम्ही सगळे पक्क्या बिलावरच विटा-सिमेंट घेता का?

कच्ची पावती दिली, शिक्का मारलेली, त्यावर जीएसटी नंबरही होता. तो मी मार्चमध्ये मोजला, १४ अक्षरं-आकडे. जीएसटी नंबर १५ चा असतो, मध्यप्रदेशचा असेल तर सुरुवात २३ ने, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव येतं, फुकट, एका मिनिटात. मला मोजायलाही जमलं नाही.

मग फिटिंग फ्री असूनही मीटर सुरू झालं. ५ मीटर जादा पाइप, मीटरला ९५०, झाले ४,७५०. आउटडोअरचा स्टँड १,१००. भिंतीला भोक ६००, पण पहिलं भोक बीमला लागलं म्हणून दुसरं, त्याचेही ६००. बीमला भोक पाडायची चूक त्यांची, पैसे माझे. स्टॅबिलायझर ३,४००. "नया है तो भी थोड़ी गैस डालनी पड़ती है", २,२००. वॉरंटी वाढवायचे १,८००. असे एकूण ४१,९५०. बुकिंगचे वजा करून ३८,९५० रोख मोजून दिले, दोनदा मोजून. दुकानातून पक्क्या बिलावर ३८,९९० ला आणला असता तर पाइपाचे-स्टँडचे पैसे धरूनही साधारण इथेच आलो असतो, म्हणजे वाचलं काय, तर काहीच नाही.

नव्या एसीच्या आउटडोअरमध्ये गॅस कंपनीतूनच भरलेला येतो. ठरलेल्या लांबीच्या पाइपाला पुरेल इतका असतो. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून काढायची, मगच वॉल्व्ह उघडायचा, आणि हे घाईत होत नाही. माझ्याकडे पंप आणलाच नव्हता. त्याने पाना फिरवला, फुस्स असा आवाज झाला, म्हणाला "हवा निकाल दी". पंप नसलेला फिटर दारात आला तर चहासुद्धा देऊ नका.

आणि मग एसी चालू केला. रिमोट दाबला, इनडोअर सुरू झाला, एक-दोन मिनिटांनी बाहेर खट्ट आवाज आला आणि गॅरेजमधली ट्यूबलाइट क्षणभर मंद झाली. मी पाहिली. मंद झाली, फडफडली, परत उजळली. इन्व्हर्टरचा कंप्रेसर हळूहळू वेग घेतो, असा झटका देत नाही. झटका देतो तो जुना, साधा कंप्रेसर, सुरू होताना एकदम खूप करंट ओढतो. हे मला आमच्या फिजिक्सच्या जोशीसरांनी नंतर सांगितलं, तेही हसू दाबत. मी तेव्हा काय म्हणालो असेन? "लोड जास्त आहे वाटतं." आणि तो लगेच "हाँ सर, गैरेज की वायरिंग पुरानी है."

गॅरेज. प्रत्येक गोष्टीला हेच उत्तर होतं. खोली गार होत नाही, तर "गैरेज है ना सर, शटर से ठंडक भागती है." पाणी टपकतं, तर "गैरेज की दीवार में ढाल नहीं है." आणि खरंच शटरला फटी होत्या, त्यामुळे खोटं बोलतोय असं म्हणताही येईना! मी २,३०० खर्चून शटरला आतून थर्माकोल लावला, खाली रबराची पट्टी लावली. ऑक्टोबरात पाच-सात दिवस चालवला, बरा वाटला, मग थंडी आली, एसीला कापड घातलं. सीझन संपल्यावर स्वस्त देण्यामागचं कारण हेच होतं, चार-पाच महिने कुणी एसी लावत नाही आणि तोवर फोन बंद. थंडीत घेतलात तरी आठवड्यातून एकदा तासभर चालवा, कुलिंगवर, पाइपाच्या जोडांना साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडा आला की लगेच भांडा.

मार्चमध्ये लावला तर नुसता पंखा. फोन बंद. ओळखीतून एक जाणता मेकॅनिक आणला, ५९० घेतले, १८ टक्के कर धरून आणि पक्क्या पावतीसकट (बघा, त्याला दर माहीत होता). त्याने गेज लावला, काटा शून्यावर. पाइपाचा जोड तडकलेला, गॅस सगळा गेलेला. मग तो आउटडोअरच्या मागे वाकला आणि नखाने स्टिकर खरवडायला लागला. फाइव्ह स्टार, दीड टन, आर-३२ (हल्लीच्या एसीतला गॅस) असं छापलेला चकचकीत कागद कोपऱ्यातून सुटला, खाली पत्र्यावर जुनी पाटी, अर्धी पुसलेली, पण वाचता येत होतं: आर-२२, म्हणजे जुन्या एसीतला गॅस, एक टन. बॉडीला नवा रंग. आतला इनडोअर तिसऱ्याच कंपनीचा, पुढचं झाकण तेवढं बदललेलं. मेकॅनिक म्हणाला, सर नशीब की त्यांनी यात आर-३२ भरला नाही, त्याचं प्रेशर कितीतरी जास्त असतं आणि तो पेटही घेतो. मी स्टुलावर बसलो. समोर फळ्यावर सकाळच्या बॅचचं चक्रवाढ व्याज तसंच होतं.

आता सरकारी कामाचं सांगतो. पोलीस ठाण्यात गेलो. मुन्शी म्हणाला, ऑनलाइन पैसे दिले ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, सामान तो मिला ना आपको? फिर साइबर कैसे? परत ठाणं. साहब राउंड पे हैं. परत गेलो, साहब जेवायला. तिसऱ्या वेळी साहेब भेटले, म्हणाले "मास्साब, ये सिविल मामला है, कंज्यूमर में जाओ." मी म्हटलं अहो खोटा स्टिकर लावून विकलंय, हे सिविल कसं, न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम कशासाठी आहे? त्यावर माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणतात, "आपने खुद तो टैक्स बचाया, मास्साब. पढ़े-लिखे हो." यावर बोलणार काय. चौथ्या वेळी अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, मी झेरॉक्सवर शिक्का मिळेपर्यंत बाकावरून उठलो नाही. दोन तास. पोच घेतल्याशिवाय उठू नका. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते ती) हा शब्द मोठ्याने म्हणा.

बँकेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, सर ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे. अगं बाई सक्सेसफुल आहे म्हणूनच तर आलोय! स्टिकरवर ज्या कंपनीचं नाव होतं त्यांच्या कस्टमर केअरने तीनदा सीरियल नंबरचा फोटो मागवला आणि शेवटी कळवलं की हा नंबर आमच्या रेकॉर्डला नाही, सेवेची संधी दिल्याबद्दल धन्यवाद. आपल्या नावाने कोणी खोटा माल विकतंय याचं त्यांना काहीच नाही. डिलिव्हरीच्या दारातच, पैसे द्यायच्या आधी, सीरियल नंबर कंपनीला फोन करून विचारा. इनडोअरचा वेगळा, आउटडोअरचा वेगळा, दोन्ही.

पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. मी पाच महिन्यांनी लावला, त्यात कुणाचा दोष, माझाच. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, मुदत २ वर्षं, हे सगळं मी वाचून काढलंय. पण अर्जात समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. माझ्याकडे काय आहे? एक बंद नंबर, एका बाईंचं अर्धं नाव आणि १४ आकड्यांचा शिक्का. मुलगा पुण्याहून म्हणतो, बाबा, एक फोन करायचा होता मला. केला असता रे, पण तुला सरप्राइज द्यायचं होतं.

मागच्या रविवारी भंगारवाला आला. म्हटलं निदान तांब्याचे तरी पैसे येतील, दहा हात पाइप आहे. त्याने काही विचारलं नाही, खिशातून छोटी कानस काढली, पाइपावर दोनदा घासली आणि मला दाखवलं. वर तांब्याचा रंग, खाली पांढरं. "अल्युमिनियम है सर, ऊपर पानी चढ़ाया है." म्हणून जोड तडकला. ९५० रुपये मीटर. त्या माणसाला समजायला चार सेकंद लागले. सगळ्याचे मिळून २,९०० देतो म्हणाला, स्टॅबिलायझरसकट.

दिला नाही. ठाण्यातले म्हणाले होते, तो पुरावा आहे, हलवू नका. तेव्हा तो भिंतीवरच आहे, खाली दोन टेबलफॅन लावलेत, आणि पोरं विचारतात, सर, एसी कधी लावणार.