जर्मनीतली विद्यार्थ्यांची खोली: लातूरच्या एका घरमालकिणीचं मत

आमच्या घराचा वरचा मजला नीटची तयारी करणाऱ्या मुलींना दिलेला आहे. लातूरच्या ट्यूशन एरियात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. कॉटवर भाडं ठरतं, डिपॉझिट घेतलं जातं, डबा वेगळा. नांदेड-परभणीहून आलेले आईवडील खोली बघायला आले की आधी नळ सोडून बघतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. २०१६ साली ह्याच गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून माझी लेक २०२४ च्या ऑक्टोबरात मास्टर्ससाठी पूर्व जर्मनीत गेली, तेव्हा तिच्या खोलीचं सगळं मी फार बारकाईनं पाहिलं. शहराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

खोली स्टुडेंटनवेर्कची आहे. हे विद्यापीठाचं होस्टेल नव्हे. विद्यार्थ्यांच्या राहण्याची आणि खानावळीची सोय बघणारी ही वेगळी सार्वजनिक संस्था, आणि जर्मनीत अशा ५७ आहेत. विद्यापीठानं प्रवेश दिला म्हणजे खोली मिळाली असं अजिबात नाही. अर्ज वेगळा, यादी वेगळी. आपल्याकडच्या पालकांना हेच आधी कुणी सांगत नाही. म्युनिकसारख्या ठिकाणी नंबर लागायला कित्येक सेमिस्टर जातात. पूर्वेकडच्या शहरांत भाडं कमी आणि खोल्याही त्या मानानं लवकर मिळतात. आम्ही प्रवेशपत्र यायच्या आधीच, एपीएसचे, म्हणजे जर्मनीला जाण्याआधी इथल्या पदवीच्या तपासणीचे कागद चालू होते तेव्हाच अर्ज टाकला. त्यांना तो चालला. सप्टेंबरात करार आला.

मधले महिने मात्र जिवाला घोर होता. लेक दुसरीकडेही शोधत होती. एका घरमालकाचं उत्तर आलं: मी कामानिमित्त लंडनला असतो, फ्लॅट रिकामा आहे, दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरनं येईल. फोटो झकास, भाडं निम्मं. मी लगेच नाही म्हटलं. खोली न दाखवता, करार न करता डिपॉझिट मागणारा माणूस घरमालक नसतो, हे मी इतकी वर्षं खोल्या देते म्हणून छातीठोक सांगते. परदेशी मुलांना फसवायची ही तिकडची जुनीच रीत आहे. मूल इथं बसलेलं असतं, खोली बघायला जाऊ शकत नाही, आणि विमानाची तारीख जवळ आलेली असते. पालकांनो, ह्या घाईत पैसे पाठवू नका. पहिले काही दिवस यूथ होस्टेलमध्ये काढलेले परवडतात.

आता करार. भाडं महिना २६५ युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण पंचवीस हजार. त्यात हीटर, गरम पाणी, लाइट, इंटरनेट सगळं आलं. हे फार महत्त्वाचं आहे. बाहेरच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘काल्टमीटे’ लिहिलेलं असतं, ते नुसत्या चार भिंतींचं भाडं. हीटर आणि बाकीचा खर्च धरून होतं ते ‘वार्ममीटे’. दोन्हीत चांगलाच फरक पडतो. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या खात्यातून, मुलांच्या हातात महिन्याला ९९२ युरो येतात, त्यात विम्यापासून पिठापर्यंत सगळं बसवायचं, म्हणून हा आकडा आधी विचारा. डिपॉझिटलाही तिथं कायद्याची मर्यादा आहे: तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त कुणी मागू शकत नाही. आमच्याकडून ४०० युरो घेतले. वरून रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी असते, घरामागे महिना १८.३६ युरो. तिघी एका फ्लॅटमध्ये आहेत, त्या वाटून घेतात.

मला सगळ्यात आवडली ती किल्ली देण्याची पद्धत. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस, लेकीबरोबर खोलीत गेला. टेबलावरचा ओरखडा, कपाटाचं सैल बिजागर, गादीवरचा डाग, सगळं एका कागदावर लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. सोडताना तोच कागद काढायचा आणि ताडून बघायचं. डिपॉझिटवरून होणारी निम्मी भांडणं इथंच मिटतात. वर्षाच्या शेवटी ‘काकू, हे आधीपासूनच फुटलेलं होतं’ आणि ‘नाही, तूच फोडलंस’ हे मी खूप ऐकलंय. ह्या जूनपासून मीही तसा कागद सुरू केला. पालकांना तो फार पटला.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पत्ता नोंदवायचा कागद. तिथं राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेलं पत्र लागतं. पुढचा राहण्याचा परवाना ह्या नोंदणीवर अडतो. स्टुडेंटनवेर्कनं ते पत्र किल्लीबरोबरच दिलं. तिच्या ओळखीच्या एका मुलानं कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये खोली घेतली होती, तो माणूस पत्र द्यायलाच तयार नव्हता. असली खोली फुकट मिळाली तरी घेऊ नये.

आता तक्रारी. ऑफिसच्या वेळा अगदीच तुटपुंज्या. शनिवार-रविवार किल्ली मिळत नाही, आणि ३ ऑक्टोबरला त्यांची राष्ट्रीय सुट्टी, नेमकी मुलं येतात त्याच आठवड्यात. विमानतळावरून बॅगा घेऊन थेट येणाऱ्या लेकरांसाठी एखादा माणूस बसवायला काय हरकत आहे? ईमेलला उत्तर यायला आठवडा लागतो, तेही बरेचदा जर्मनमध्ये. गादी आहे, पण पांघरूण-उशी नाही, आणि हे करारात कोपऱ्यात लिहिलेलं. आम्ही वाचलं होतं म्हणून विमानाच्या बॅगेच्या तेवीस किलोतली जागा काढून वाकळ दिली. हीटरवर कपडे वाळवायचे नाहीत, आणि भिंतीला बुरशी येऊ नये म्हणून हिवाळ्यातही रोज दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, असा नियमांचा कागद आहे. लेक तो पाळते.

स्वयंपाकघर सामायिक, फ्रिजमध्ये एक फळी. शेगडी काचेची, विजेची. तिच्यावर फुलका फुगत नाही. भाकरी जाड बुडाच्या तव्यावर जमते, पण मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. पंखा लावून, दार बंद करून फोडणी द्यायची.

सगळ्यात खटकलं ते करार सेमिस्टरला बांधलेला असणं. तिला दुसऱ्या शहरात इंटर्नशिप लागली तेव्हा मधेच खोली सोडता येईना. दोन्हीकडचं भाडं भरायची वेळ आली असती. शेवटी लेखी परवानगी काढून एका मुलीला पोटभाडेकरू ठेवलं. परवानगी मिळाली, पण फार उशिरा, आणि तो महिना आम्ही नीट झोपलो नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण ऑफिससाठी कापला. पहिल्यांदा जाणाऱ्या, भाषा कच्ची असलेल्या मुलामुलींसाठी मी हीच खोली सुचवेन. एक वर्ष काढलं, ओळखी झाल्या, भाषा आली, की मग स्वतः बघून बाहेर फ्लॅट घ्यावा. अर्ज एजंटकडून करू नका, त्याची गरजच नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्टुडेंटनवेर्कच्या पानावर जायचं, एकाहून जास्त इमारतींना पसंती द्यायची, आणि यादीत नाव टिकवण्यासाठी ईमेल येतात त्यांना वेळेत उत्तर द्यायचं. त्या ईमेल स्पॅममध्ये जातात, तिथं रोज बघा.