हॅरी किम की ट्रॅव्हिस मेवेदर? कोपऱ्यातल्या माणसासाठी मालिका निवडताना

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अवकाश-मालिका बघणाऱ्यांत एक जमात असते. त्यांचं लक्ष कॅप्टनच्या खुर्चीपेक्षा मागे बटणं दाबत उभ्या असलेल्या पोराकडे जास्त असतं. तुम्ही त्यातले असाल आणि ‘व्हॉयेजर’ बघू की ‘एंटरप्राइझ’ असं चाललं असेल, तर तुमच्यापुरता खरा प्रश्न हा: ‘व्हॉयेजर’मधला हॅरी किम की ‘एंटरप्राइझ’मधला ट्रॅव्हिस मेवेदर? दोघंही एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांमधली सगळ्यात खालची पायरी. दोघंही पहिल्या भागापासून शेवटापर्यंत मुख्य कलाकारांच्या यादीत. आणि दोघांकडेही लेखकांनी साफ दुर्लक्ष केलं. पण दुर्लक्षाची तऱ्हा वेगवेगळी आहे, आणि निवड तिच्यावरच करायची.

आधी वेळेचा हिशोब. ‘व्हॉयेजर’ १९९५ ते २००१, सात सीझन, एकशेसत्तरच्या आसपास भाग. ‘एंटरप्राइझ’ २००१ ते २००५, चार सीझन, शंभराला दोन-तीन कमी. म्हणजे ट्रॅव्हिस स्वस्तात पडतो. पण स्वस्त का पडतो, ते पुढे येईलच.

हॅरी (गॅरेट वाँग) पहिल्या भागात येतो तो नुकता पास होऊन पहिल्या नोकरीवर रुजू झालेला मुलगा म्हणून. कॅप्टन जेनवेसमोर इतका ताठ उभा, की तीच म्हणते, अरे सैल हो, नाहीतर कुठेतरी लचक भरेल. जहाज सुटण्याआधीच एक दुकानदार त्याला गंडवायला बघतो आणि जहाजाचा सुकाणूवाला टॉम पॅरिस सोडवतो. क्लॅरिनेट वाजवतो, घरी लिबी नावाची मुलगी वाट बघतेय. सुरुवात म्हणून झकासच. मग जहाज दीर्घिकेच्या पार दुसऱ्या टोकाला फेकलं जातं आणि सात वर्षांच्या प्रवासात हॅरी एन्साइनचा एन्साइनच राहतो. चौथ्या सीझनमध्ये सुरक्षा अधिकारी टुवॉकला बढती मिळते. टॉमचा तर लेफ्टनंटचा एन्साइन होतो, महिनाभर कोठडीत बसतो आणि नंतर पुन्हा लेफ्टनंट होतो. त्या दिवशी टॉमच्या खुर्चीवर बढतीची डबी ठेवलेली असते आणि हॅरी बोलून दाखवतो की माझ्या खुर्चीवर काही डबीबिबी दिसली नाही. आपल्याकडे सरकारी नोकरीत निदान आश्वासित प्रगती योजना तरी असते!

पण हॅरीच्या बाबतीत बढती हा वरवरचा भाग झाला. खरी गोम अशी, की त्याच्या वाट्याला घटना भरपूर येतात आणि त्यातली एकही त्याच्या अंगाला चिकटत नाही. दुसऱ्या सीझनमधला ‘डेडलॉक’ घ्या. जहाजाला भगदाड पडतं, हॅरी बाहेर अवकाशात खेचला जातो आणि मरतो. त्याच जहाजाची हुबेहूब दुसरी प्रत असते. तिथला हॅरी एक तान्हं बाळ उचलून इकडे येतो आणि इथल्या हॅरीच्या जागी कामाला लागतो. म्हणजे पुढची पाच वर्षं आपण जो हॅरी बघतो तो मुळात इथला नाहीच. त्याची आधीची माणसं त्या दुसऱ्या जहाजासोबत गेली. शेवटी तो जेनवेला म्हणतो की हे सगळं विचित्र वाटतंय. ती म्हणते, विचित्र गोष्टी हा आपल्या नोकरीचाच भाग आहे. झालं, विषय संपला. दुसऱ्या एखाद्या लेखकाने यावर सबंध सीझन काढला असता.

एकदा मात्र पूर्ण न्याय मिळालाय. पाचव्या सीझनमधला ‘टाइमलेस’. पंधरा वर्षांनंतरचा, कडवट झालेला हॅरी, बर्फाखाली गाडलं गेलेलं जहाज, आणि आपल्याच चुकीच्या आकड्यामुळे सगळे मेले हे ओझं. तो भूतकाळात निरोप पाठवून चूक दुरुस्त करतो. शेवटी तरुण हॅरीला स्वतःचाच तो म्हातारपणाकडे झुकलेला चेहरा पडद्यावर दिसतो. वाँगला अभिनय येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी हाच भाग दाखवतो. वाँगने मुलाखतींत सांगितलंय की (परग्रहवासीयांच्या नव्हे) माणसांच्या भूमिका करणाऱ्यांना भावना मुद्दाम दाबून ठेवायला सांगितलं जायचं. ‘टाइमलेस’मध्ये ते झाकण निघालंय, आणि पुढच्या भागापासून पुन्हा बसवलंय. चौथ्या सीझनपासून सेव्हन ऑफ नाइन ही अर्धी यंत्र असलेली नवी नायिका आली होती. लेखकांचा जीव तिच्यात, जहाजावरच्या डॉक्टरमध्ये आणि जेनवेत अडकला, ते एका अर्थी समजूही शकतो.

आता ट्रॅव्हिस (अँथनी मॉन्टगोमरी). याच्या बाबतीत सगळं उलटं. त्याच्या आयुष्यात काही घडतच नाही, पण त्याची पार्श्वभूमी अख्ख्या ‘स्टार ट्रेक’मधल्या उत्तम कल्पनांपैकी एक आहे. तो ‘बूमर’, म्हणजे मालवाहू जहाजावर जन्मलेला आणि वाढलेला. ती जहाजं इतकी संथ, की एकेका खेपेत वर्षं जायची. जहाज हेच घर, आई-बाप हेच खलाशी. आणि हा पोरगा आता कुठे बसलाय? वॉर्प पाचचं, म्हणजे प्रकाशाच्या कैक पट वेगाचं, इंजिन असलेल्या पहिल्या जहाजाच्या सुकाणूवर. असली जहाजं वाढली की त्याच्या घरच्यांचा धंदा बसणार. बैलगाडीवाल्याचा मुलगा एसटीच्या स्टिअरिंगवर बसावा तसं आहे हे. चार सीझन रोज तो तिथे बसतो आणि त्यातला पेच लेखकांना जेमतेम दोनदा आठवतो.

पहिल्यांदा ‘फॉर्च्युनेट सन’मध्ये, पहिल्या सीझनला. एक मालवाहू जहाज लुटारूंच्या हल्ल्याने पिसाळलेलं असतं, आणि तिथल्या माणसाला तुमच्यातलाच एक म्हणून समजावण्याचं काम ट्रॅव्हिसवर येतं. दुसऱ्यांदा ‘होरायझन’मध्ये. तो घरी निघतो, पण पोहोचण्याआधीच वडील गेल्याचं कळतं. कॅप्टनच्या खुर्चीत धाकटा भाऊ, आणि तो मोठ्यावर चिडलेला: तू सोडून गेलास, आता येऊन आम्हाला शिकवू नकोस. हे भांडण बघताना मराठी माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. गावाकडच्या प्रत्येक घरात हे दोन भाऊ असतात. पण गंमत बघा, त्याच्या हक्काच्या या भागातही मध्येमध्ये कॅमेरा मुख्य जहाजावर जातो. तिथे काय, तर व्हल्कन अधिकारी टी’पॉलला जुना भयपट बघायला बसवण्याची खटपट चाललेली!

तिसऱ्या सीझनची झिंडी या परग्रही शत्रूंविरुद्धची मोहीम म्हणजे सलग एकच मोठी कथा, आणि त्यात ट्रॅव्हिसचा म्हणावा असा एक भाग नाही. चौथ्यात शेवटाकडे एक जुनी मैत्रीण येते, तेवढंच. मालिका कॅप्टन आर्चर, टी’पॉल आणि इंजिनिअर ट्रिप या तिघांची. बाकीचे तोंडी लावायला.

मग घ्यावं कोणाला? एखाद्या शनिवार-रविवारी चार-पाच भाग बघून माणूस कळावा अशी इच्छा असेल, तर हॅरी, बिनदिक्कत. ‘द शूट’ (तुरुंगातला, टॉमबरोबरचा), ‘डेडलॉक’, ‘टाइमलेस’ आणि सातव्या सीझनमधला ‘नाइटिंगेल’, जिथे त्याला परक्यांच्या जहाजाचं कप्तानपद मिळतं आणि तो सगळ्यांच्या कामात नाक खुपसून त्यांना भंडावून सोडतो. हे भाग सुटे बघितले तरी चालतात, कारण मालिकेनेच ते सुटे ठेवलेत. वर एक बोनस: हॅरीवरच्या अन्यायाची दखल नंतर घेतली गेली. २०२४ साली ‘लोअर डेक्स’ या ‘स्टार ट्रेक’च्याच विनोदी कार्टून मालिकेच्या शेवटच्या सीझनमध्ये निरनिराळ्या विश्वांतले हॅरी किम एकत्र जमलेत, सगळे एन्साइन, आणि ज्या एकाला लेफ्टनंट केलंय तोच डोक्याने फिरलेला. ट्रॅव्हिसवर असा विनोद कोणी केला नाही. विनोद करायलाही माणूस आठवावा लागतो.

तुम्ही स्वतः लिहीत असाल, किंवा अर्धवट राहिलेली पात्रं मनात पुरी करायची तुम्हाला खोड असेल, तर मात्र ट्रॅव्हिस. मला स्वतःला बघायला हॅरी आवडतो, पण रात्री डोक्यात राहतो तो ट्रॅव्हिस. हॅरीची भरपाई ‘टाइमलेस’ने थोडीफार केली, याची कोणीच केली नाही. फक्त सलग चार सीझन त्याच्यासाठी म्हणून बघायला घेऊ नका, वैतागाल. दुसऱ्या कोणासाठी बघा आणि तो दिसला की थांबा.

आणि पहिला भाग ‘ब्रोकन बो’ चुकवू नका. त्यात ट्रिप एका कप्प्यात डोकावतो तर ट्रॅव्हिस छताला उलटा बसलेला असतो, अगदी ओट्यावर बसल्यासारखा निवांत. प्रत्येक जहाजात गुरुत्वाकर्षण उलटं होणारी एक जागा असते, असं तो सांगतो. असली जागा हुडकायला जहाजावरच लहानाचं मोठं व्हावं लागतं. ट्रिपही मग उडी मारून वर जातो.