आठ महिने स्पीड टेस्ट करून कळलं ते, स्पीड चाळीस येत होता तरी आवाज तुटायचा

मी सांगलीत राहते आणि पहाटे पाचला न्यू जर्सीतल्या दोन मराठी मुलींना ऑनलाइन गाणं शिकवते, तिकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वगैरे असतात. घरी फायबर आहे, ४० एमबीपीएसचा प्लॅन, अपलोडही तेवढंच. आणि तरी जूनपासून आवाज असा तुटायचा की मुलगी 'सा' लावायची आणि मला त्याचे तीन तुकडे ऐकू यायचे, मींड तर सोडूनच द्या. कंपनीचा माणूस आला, त्याने राउटरशेजारी उभं राहून मोबाईलवर टेस्ट लावली, ४१ आले, म्हणाला मॅडम बरोबर येतंय की. आकडा खोटा नव्हता, पण माझा प्रॉब्लेम त्या आकड्यात नव्हताच हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

आधी एक साधी गोष्ट, ४० म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नाही, आठाने भागायचं, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. आणि नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुरतात, म्हणजे स्पीड मला गरजेपेक्षा कितीतरी जास्त होता!

मग बघायचं काय, तर पिंग, म्हणजे डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. ऊकलाच्या स्पीडटेस्ट अ‍ॅपमध्ये पिंगचे तीन आकडे येतात, एक लाइन रिकामी असतानाचा, एक डाउनलोड चालू असतानाचा आणि एक अपलोड चालू असतानाचा. माझे आले ९, ३८ आणि ४१२. तो ४१२ बघून मी उठून घरातले सगळे मोबाईल तपासले. मुलगा रात्री फोन चार्जिंगला लावतो आणि त्याच्या क्रिकेट मॅचचे व्हिडिओ रात्रभर बॅकअपला जात असतात, पहाटे पाचलाही चालूच. अपलोडची वाट पूर्ण भरली की राउटर बाकीचं सगळं रांगेत उभं करतो आणि माझा आवाजही त्याच रांगेत अडकतो. बॅकअप थांबवून त्याच दिवशी क्लास घेतला, तासभर एकदाही तुटलं नाही, मला खरंच भरून आलं.

रोज बॅकअप बंद करायला लावणं काही जमत नाही, म्हणून राउटरच्या क्यूओएस (कुणाला किती वाट द्यायची ते ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये अपलोड ३५ वर अडवलं, आता बॅकअप चालू असला तरी तो तिसरा पिंग पस्तीस-चाळीसच्या वर जात नाही. पाच एमबीपीएस गेले, मला त्याचं काहीच वाटत नाही.

दुसरं म्हणजे सर्व्हर. टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, बऱ्याचदा आपल्याच कंपनीचा, म्हणजे डेटा गावाबाहेर पडायच्या आतच टेस्ट संपते. मी सर्व्हर बदलून न्यूयॉर्क लावला तर पिंग २३० च्या आसपास. हा दोष कुणाचा नाही, काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, अंतर सरळ धरलं तरी बारा-तेरा हजार, म्हणजे जाऊन यायलाच १२० मिलिसेकंद हवेत आणि केबल काही सरळ जात नाही. त्यापेक्षा जिटर बघा, म्हणजे पिंग किती वरखाली होतोय ते. २३० स्थिर असेल तर शिकवता येतं, १५० ते ४०० असा नाचत असेल तर नाही.

ऑगस्टमध्ये मात्र पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, ३ टक्के दिसायला लागला, क्लाउडफ्लेअरच्या टेस्टमध्ये तो वेगळा दाखवतात. मी आठ दिवसांचे स्क्रीनशॉट वेळेसकट पाठवले तेव्हा लाइनमन मीटर घेऊन आला. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर उणे २८ डीबीएम, म्हणजे फारच कमी! कपाट भिंतीला सरकवताना मागची फायबर काटकोनात दुमडली गेली होती, ती मोकळी केल्यावर उणे २०, आणि लॉस शून्य.

वायफायवर एकच सांगते, गाण्याच्या खोलीत तीच टेस्ट १७ दाखवायची, लॅन केबल ओढली तर ४०. तक्रार करायच्या आधी केबलवर टेस्ट करा, नाहीतर वायफायचं खापर लाइनवर फुटतं.

आता क्लासच्या आधी दहा मिनिटं टेस्ट लावते आणि तिसरा पिंग आणि जिटर बघते. काल ३४ आणि २ होते, धाकटीची अख्खी तान एका दमात इकडे पोचली. एकत्र गाणं या अंतरावर होत नाही, म्हणून तानपुरा आम्ही आपापल्या मोबाईलवर लावतो, आधी ती गाते, मग मी.