जुळ्यांच्या बाटल्या गरम करायच्या मशीनपायी ४६,८०३ रुपये गेले

आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको. १,८९९ पहिल्यांदा, मग ५, मग १९,९९९, मग २४,९००. एकूण ४६,८०३ रुपये. खात्यात ३१२ उरले. लिहायची लाज वाटते, पण आमच्या वाडीत अजून दोघी बाळंतिणी आहेत आणि दोघींच्याही मोबाइलवर तीच जाहिरात येते आहे, म्हणून लिहिते.

माझी जुळी एप्रिलमधली. पस्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं. एक १.९ किलो, दुसरा २.१. अंगावरचं दूध दोघांना पुरेना, म्हणून डॉक्टरांनी काढून ठेवलेलं दूध आणि वर डब्याचं, असं सांगितलं. सुरुवातीला वाटी-चमचाच होता. नर्सबाईंनी बाटलीला विरोध केला होता आणि त्यांचं बरोबर होतं, बाटली नीट उकळली गेली नाही तर पोरांना जुलाब होतात. पण रात्री दीड वाजता एक मांडीवर, दुसरा पाळण्यात टाहो फोडतोय, आणि चमच्याने थेंब थेंब पाजायचं, हे करून बघा. दिवसाला सोळा वेळा. शेवटी बाटल्या आणल्याच.

आमचं स्वयंपाकघर मागच्या पडवीला आहे. आषाढातला पाऊस, कौलातून गळती, वारा सुटला की लाइट गेलीच, आणि टाके अजून ओढत होते. अंधारात पडवीत जायचं, गॅस पेटवायचा, टोपात पाणी तापवायचं, त्यात बाटली ठेवायची, तोवर दोघं रडून निळे. सासूबाई म्हणायच्या, "अगो, टोपातल्या पाण्यात बाटली ठेव, झाला. आमी काय मशिनी घेवन पोरां वाढवली?" त्यांना मी तेव्हा उलट बोलले होते.

अशात जाहिरात दिसली. दोन बाटल्या एकदम गरम करणारं मशीन, एकदा चार्ज केलं की लाइट नसतानाही आठ बाटल्या, चार मिनिटांत. चित्रातही जुळी. ४,९९९ चं १,८९९ ला, वर दोन बाटल्या मोफत. पैसे घरी वस्तू आल्यावर. घरी आल्यावर द्यायचे आहेत, म्हणजे धोका कसला, असं मला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

नंतर नर्सबाईंनी सांगितलं की दुधाच्या बाटल्यांची आणि पावडरीची जाहिरात करायला, त्या बक्षीस म्हणून वाटायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. "दोन बाटल्या मोफत" हे शब्दच कायद्याच्या बाहेरचे होते. मला हे माहीत असतं तर तिथेच थांबले असते. तुम्हाला आता माहीत झालं.

पार्सल आणणाऱ्याने आधी पैसे, मग खोका, असं सांगितलं. पाऊस ओतत होता, त्याला ओटीत उभा करून मी मोबाइलवरून १,८९९ दिले. खोक्यात काय होतं? चहाचा कप कोमट ठेवायची चकती. गोल, प्लास्टिकची, मोबाइलच्या चार्जरवर चालणारी. दोन बाटल्या सोडा, एक धड उभी राहीना. तरी मी पाऊण तास ठेवून बघितली. काचेला हात लावला तर नुसती ओलसर, दूध गारच. आणि इतका वेळ रेंगाळलेलं दूध पोरांच्या पोटात घालायचं नसतं, ते ओतून टाकलं. अर्धा तास पंप लावून काढलेलं दूध होतं ते. मी रडले तेव्हा.

इथपर्यंतचं नुकसान १,८९९ चं. सोडून दिलं असतं तर इथेच संपलं असतं. पण ह्यांच्या होडीचं काम बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, घरात येणारा पैसा नाही. त्या दिवसांत १,८९९ म्हणजे दुधाच्या पावडरीचे डबे. ते मी कसे सोडू? खोक्यावर पत्ता नव्हता, फोन नंबर नव्हता. मी मोबाइलवर त्या नावापुढे "कस्टमर केअर" लिहून शोधलं, पहिला जो नंबर आला तो लावला. दहा आकडी साधा मोबाइल नंबर. कुठल्याही कंपनीची मदत अशी शोधून काढलेल्या नंबरवर मागू नका. पावतीवर नसेल तर नाही, समजून चाला.

फोन कुणी उचलला नाही. रात्री पावणेदहाला तिकडूनच आला. गोड आवाज, हिंदी. पैसे परत देतो म्हणाला, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म पाठवला. तो फॉर्म नव्हता, अ‍ॅप होतं, शेवटी एपीके लिहिलेलं. दाबल्यावर मोबाइलनेच सांगितलं, हे अनोळखी ठिकाणचं आहे, धोका आहे. मग विचारलं, या अ‍ॅपला तुमचे मेसेज वाचू द्यायचे का?

माझं बोट थांबलं होतं. हे मला रोज रात्री आठवतं. पैसे परत करायला माझे मेसेज कशाला वाचायचे, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला होता, तोंडापर्यंत आला होता. तेवढ्यात मोठा रडायला लागला, त्याचं ऐकून धाकटा. आणि तो माणूस म्हणाला, "मॅडम, बच्चा रो रहा है, पहले उसको देखिए, मैं होल्ड पर हूँ." दिवसभरात माझ्याशी इतक्या मायेने कुणी बोललं नव्हतं. मी एकाला खांद्यावर घेतलं, दुसऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अंगठ्याने "हो" दाबलं. त्याच्या त्या एका मायेच्या वाक्यावर दाबलं. पोरांचं रडणं त्याने हत्यारासारखं वापरलं, त्याला मी कधी माफ करणार नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल. त्या अ‍ॅपमध्ये मी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे भरले, "नोंदणीचे" ५ रुपये दिले. ओटीपी मी कुणाला सांगितला नाही, एकदाही नाही. सांगायची गरजच नव्हती, ते अ‍ॅप माझे मेसेज तिकडे पाठवत होतं. त्यामुळे फक्त "ओटीपी सांगू नका" एवढं लक्षात ठेवून भागत नाही. मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी दिल्यासारखाच आहे.

लाइट गेली, टॉवर गेला, रात्रभर रेंज नव्हती. सकाळी सहाला बँकेचं अ‍ॅप उघडलं. १९,९९९ आणि २४,९००. होडीचं इंजिन उघडायला ठेवलेले पैसे. ह्यांना सांगताना माझी जीभ उचलेना. ते ओरडले नाहीत, नुसते बाहेर जाऊन पावसात उभे राहिले.

बँक उघडायच्या आधी पाऊण तास आम्ही दारात होतो. ज्यांनी आमची पहिली मदत करायची त्यांनी काय केलं ते ऐका. काउंटरवरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता ना? मग?" मग काय? कार्ड बंद केलं आणि पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. पोलीस ठाण्यात गेलो तर आधी बँकेचा उतारा आणा. उतारा घ्यायला परत बँकेत, तर जेवणाची सुट्टी. उतारा घेऊन ठाण्यात, तर हे सायबरचं काम आहे, जिल्ह्याला जा. पोरं सासूबाईंकडे, माझं अंग दुधाने भरून आलेलं, ब्लाउज भिजलेला, आणि बाकावर बसलेल्या एका हवालदाराने विचारलं, "पण बाई, बाटलीनं कशाला पाजता तुम्ही?" मी चोरी केली होती का? तक्रार घ्यायला बसलात की मला आईपण शिकवायला? दोन दिवस आम्ही एसटीने फिरलो. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य एकच, चूक तुमची आहे. चूक माझी आहे हे मला कळतं, ते ऐकायला मी तिकीट काढून आले नव्हते.

आणि या सगळ्यांपैकी एकानेही १९३० हा नंबर सांगितला नाही. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नणंदेच्या मुलाने सांगितला. सायबर फसवणुकीचा हा नंबर. तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवता येतात. फोन लागला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पण तोवर पैसे काढून झाले होते. पैसे गेल्याचं कळलं की बँकेच्या दारात उभे राहू नका, उभ्या उभ्या १९३० लावा, मग बाकीचं. रेंज नसेल तर शेजाऱ्याच्या मोबाइलवरून लावा.

बँकेला तक्रार लेखीच द्या आणि पोच घ्या, तारीख-वेळेसह. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात लिहिलं होतं की ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर जे जातील त्याची जबाबदारी बँकेची. म्हणून कधी कळवलंत त्याचा कागद हातात हवा. आम्हाला पोच द्यायला साहेब तयार नव्हते. ह्यांनी पहिल्यांदाच आवाज चढवला, तेव्हा शिक्का मिळाला.

आता रात्रीसाठी थर्मास आहे, ३४० रुपयांचा, बाजारातून हातात धरून बघून घेतलेला. झोपायच्या आधी उकळतं पाणी भरून ठेवते. स्टीलच्या डब्यात ते ओतते, त्यात थोडं साधं पाणी, काढलेल्या दुधाची बाटली उभी ठेवते, मग मनगटावर थेंब टाकून बघते. डब्याचं दूध मात्र गरम करत बसायचं नाही, त्या वेळेपुरतंच बनवायचं. त्याचं पाणी निदान ७० अंश गरम हवं, पावडरीतले जंतू त्यानेच मरतात. मग बाटली गार पाण्यात धरून निववायची. उष्टं राहिलेलं ओतून द्यायचं, जीव तुटला तरी. मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये बाटली घालू नका, दूध कुठे गार कुठे कढत राहतं, जीभ भाजते. सासूबाई रात्री माझ्याबरोबर उठतात, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्या दिवसानंतर त्या मशीनबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

बँकेला लेखी तक्रार देऊन सोमवारी तीस दिवस होतात. उत्तर नाही. मंगळवारी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात तिथे, अर्ज टाकणार आहे, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारून सगळे कागद लावून ठेवलेत. पांढऱ्या मशीनवर निळा दिवा, मागे पिवळ्या दुपट्यात दोन बाळं, खाली "लाइट नसली तरी", अशी जाहिरात बघून ज्यांनी पैसे भरलेत त्यांनीही आपापल्या नावाने तक्रार नोंदवा. खोका फेकू नका, त्यावर पाठवणाऱ्याचा पार्सल क्रमांक असतो. माझा सासूबाईंनी चुलीत घातला.